उजव्या हाताची घोंगडी

दीड महिना होऊन गेला. तहसिलीसमोरच्या माझ्या टेबलावर एका बाईंचा रेशनकार्डाचा अर्ज अर्धा लिहून झाला होता, तेवढ्यात सरूवहिनींचा फोन आला. “भावजी, तुमचा दोस्त गेला. सकाळी च्या मागितला, च्या करस्तवर गेलते.” मी “बरं” म्हणालो. दोस्त गेल्याचं ऐकून ‘बरं’ म्हणणारा मी पहिलाच असेन... त्या बाईंचा अर्ज मी पुरा केला, सही कुठे करायची तिथे बोट टेकवून दाखवलं, आणि मग धारूरच्या भर बाजारात मला रडू फुटलं. चाळीस वर्षं लोकांची दुःखं ‘सबब विनंती की’ या साच्यात बसवणारा अर्जनवीस मी. माझ्या दुःखाला साचा सापडला नाही.

माझा हा दोस्त, भानुदास, मेंढरं राखायचा. आजोबांपासून त्याच्या घरात एक विलायती पिस्तूल होतं, रीतसर परवान्याचं. डोंगराच्या कडेला लांडगे मेंढरांवर येत, तेव्हा हवेत एक बार काढला की पुरे व्हायचं. पण त्याची काडतुसं बनवणं कंपनीने आमच्या जन्माआधीच बंद केलेलं, म्हणून हा ती घरीच भरायचा. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरता येते, तेवढंच त्याचं भांडवल. अशा नऊच उरल्या होत्या आणि दहावी कुठे मिळणार नव्हती. पिस्तुलातून पुंगळी उजवीकडे उडते. ती दगडधोंड्यांत हरवू नये म्हणून बार काढायच्या आधी तो उजव्या हाताला खांद्यावरची घोंगडी अंथरायचा. समोर लांडगा, आणि हा गृहस्थ घोंगडीच्या सुरकुत्या काढतोय! “आरं लांडगा, लांडगा!” मी एकदा बोंबललो. “थांबंल की बे,” तो म्हणाला, “पुंगळी थांबत न्हाई.”

भरायला बसला की सगळी दुपार त्यातच जायची. सोनाराकडून मागून आणलेला इवलासा तराजू, शिसं वितळवायची पळी, दोरा बांधलेलं भिंग. एकेक पुंगळी उन्हात धरून तिच्या तोंडाशी चीर गेलीय का बघायचा. चिरलेली निघाली तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे. ती मग कुठल्यातरी मेंढीच्या गळ्यातल्या घंटेचा लोलक व्हायची. मी चिडवायचो, “कंपनीनं सोडलं, तू कावून धरून बसलास?” तो मान वर न करता म्हणायचा, “कंपनीला लई गिऱ्हाइकं हायेत. ह्याला मी एकटाच हाय.”

परवाना पुढे चालू ठेवायचा अर्ज दर खेपेला माझ्याच हातचा. गेल्या वर्षी कारकुनाने विचारलं, काडतुसं कुठून घेता ते लिहा. भानुदास सरळ म्हणाला, “लिव्ह की, मी सोता भरतो.” मी हसलो. असं लिहिलं तर दहा प्रश्न निघतील, चौकशी मागे लागेल, हे माझं कागदी शहाणपण. मी लिहिलं: सदर पिस्तुलाची काडतुसे मिळत नाहीत, सबब ते वापरात नाही, केवळ पूर्वजांची आठवण म्हणून जवळ बाळगले आहे. निरुपद्रवी वस्तूला कोण कशाला नाही म्हणेल? त्याने न वाचताच सही केली. “तू लिव्हलंस म्हंजी बराबरच आसंल.”

काही महिन्यांनी उत्तर आलं. वापरात नाही तर परवान्याला कारण उरत नाही, सबब शस्त्र आणि काडतुसे ठाण्यात जमा करावीत. निवडणुकीला सगळेच परवानेवाले जमा करतात तसंच हे, अशा समजुतीने, कागद मला दाखवायच्या आधीच, तो पिस्तूल आणि नऊच्या नऊ पुंगळ्या फडक्यात बांधून देऊन आला. “निकाल लागला की देत्यात,” मला म्हणाला. निवडणूक नव्हतीच... मला ते सांगायला तीन आठवडे लागले. सांगितलं, तेव्हा त्याने माझा अर्ज माझ्याकडूनच वाचून घेतला, पहिल्यांदाच. ‘वापरात नाही’पाशी त्याने हात वर केला. “मंग मी इतकी वर्सं काय करीत व्हतो बे?” एवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी आज थोडं बरं झोपलो असतो.

मी अपील लिहिलं, ते फेटाळलं. दुसरं लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. त्याने तराजू सोनाराला परत केला. मेंढरं घाटनांदूरच्या एका माणसाला विकली, घंटांसकट. मी गेलो की च्या पाजायचा, हवापाण्याचं बोलायचा, पण हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. त्या हातांकडे बघणं मला जमत नसे, म्हणून मी जाणं कमी केलं. हे दुसरं पाप. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडलं असेल. मला मात्र त्या कारणाच्या जागी माझं वळणदार अक्षर दिसतं, आणि त्याची कुणी वाखाणणी केली की मी कागद पालथा घालतो.

तेराव्याला वहिनींनी घोंगडी माझ्या हातात दिली. “तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, मला बगवत न्हाई.” त्यांना अर्जातला मजकूर ठाऊक नाही. सांगायला दोनदा तोंड उघडलं, धीर झाला नाही... आता कामाला बसलो की ती मी उजव्या हाताला पसरतो. परवा एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: अर्जदार आपल्या पिस्तुलाची काडतुसे स्वतः, स्वतःच्या हाताने भरीत असे. पहिल्यांदाच खरं लिहिलं होतं. सवयीने सहीची जागा दाखवायला बोट टेकवलं आणि मान वर केली. समोर कुणी नव्हतं. बोट उचललं तसा वाऱ्याने कागद उजवीकडे घसरला, घोंगडीवर पडला. मी तो अजून उचललेला नाही.