उजेड हाय तवर

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी नाना पत्र्यावर दोनदा थाप मारत. दाराशेजारीच त्यांच्या रिकाम्या गोठ्याचा पत्रा होता, त्यावर उघड्या तळहातानं धाड्‌ धाड्‌. मग जरा थांबायचे, कान द्यायचे आणि मगच चपला घालायचे. तुम्ही एसटीनं फिरला असाल तर ती थाप तुमच्या ओळखीची आहे. गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरून गाडीच्या अंगावर मारतो, तीच. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नानांचा हात काही गाडीवरून उतरला नव्हता.

आमच्या मळ्यात नाना पुष्कळ. हे कंडक्टर नाना. निरगुडसरच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडं आमची मोजकी घरं आहेत आणि चहूकडून ऊस. नाना आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी मंचरला दिलेली.

एक आधीच सांगून टाकते. नानांइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. आणि बिबट्याचं तर नावसुद्धा घ्यायचे नाहीत.

"कालव्याकडं जाऊ नगा, सूनबाई. विदाउट चढलाय," असं ते मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला काही उमगेना. मग आमच्या ह्यांनी सांगितलं, की तिकीट न काढता गाडीत बसणाऱ्याला कंडक्टर लोक विदाउट म्हणतात. कुठल्या स्टॉपला चढला ते कळत नाही आणि गर्दीत दिसत नाही. उसातल्या जनावराला इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

मळ्यातली तरणी पोरं त्यांची फार मजा घ्यायची. बांधाआड लपून एकदा कुणीतरी गुरगुरलं, तर नाना एक चप्पल तिथंच टाकून पळत आले होते. पोरं पोट धरून हसली. नाना दम खात ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हसा, हसा. मी भेलो म्हनून घरला तरी आलो."

त्या वर्षी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरचं कुत्रं गेलं. अंगणातून, दिवस मावळायच्या सुमाराला. घरातली माणसं आत चहा पीत होती. बाहेर येऊन बघतात तर साखळी तेवढी खुंट्याला राहिलेली. त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

माझं काय सांगू? माझी सई तेव्हा तिसरीत होती. धुणं वाळत घालताना माझ्या मानेवर काटा यायचा. ती शाळेतून येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा आणि आली की मी दाराला आतून कडी घालायचे. परीक्षा जवळ आलेली, पुढं सगळी सुट्टी पडलेली. कैऱ्या आलेल्या, चिंचा पिकलेल्या आणि पोरं खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेली. शेवटी हे म्हणाले, "पाठवून देऊ भोसरीला, ताईकडं. दोन महिने ऱ्हाईल तिथं." मी हो म्हणाले आणि रात्रभर रडले. भोसरीला जायचं नाही म्हणून सईही रडत होती.

सकाळी आमच्या फाटकावर धाड्‌ धाड्‌ झालं.

"पोरगी पाठवताय म्हनं?" नाना म्हणाले. "आता सईला पाठवलं की उद्या समदीच पाठवतील. मग मळ्यात कोन, मी आन्‌ विदाउट? नगा पाठवू. सुट्टीचं मी बघतो. टाइमटेबल लावू."

आणि खरोखरच त्यांनी मळ्याला टाइमटेबल लावलं. सगळ्या बायकांना आमच्या गच्चीवर बोलावलं. दर वर्षी जिच्या तिच्या अंगणात होणाऱ्या कुरडया आणि बटाट्याचे पापड या वर्षी सगळ्यांचे एकाच गच्चीवर. गव्हाचा चीक शिजवायचा तोही वरच. दळणाला, बाजाराला कुणी एकटं जायचं नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्या जनावराला माणूस वाटत नाही, असं वनखात्याची माणसं सांगून गेली होती. नानांनी ते असं मनावर घेतलं, की घरोघर जाऊन भांडी घासायचे दगड विटांवर चढवले. "आता हुबं ऱ्हाऊन घासा," म्हणाले. आम्ही आधी कुरकुर केली. पण कंबर दुखायची थांबली तेव्हा सगळ्या गप्प झालो.

प्रत्येक कामाच्या शेवटी त्यांचं एक पालुपद असायचं. "उजेड हाय तवर." कांदा भरा, उजेड हाय तवर. पाहुणे परत पाठवा, उजेड हाय तवर. एकदा माझा भाऊ जुन्नरहून आला होता. त्याला नानांनी चार वाजताच असा काही हाकलला, की बिचाऱ्याचा चहा बशीतच राहिला.

पोरांसाठी त्यांनी गच्चीवर एसटी काढली. खुर्च्या, पाट, उलट्या बादल्या, दोन रांगा. जुन्या लग्नपत्रिका कापून तिकिटं. सई ड्रायव्हर, तिच्या हातात परातीचं स्टेअरिंग. नाना मागं उभे राहून ओरडायचे, "घोडेगाव, शिनोली, डिंभे, भीमाशंकर! पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" पोरं वाटीतला गरम चीक खात भीमाशंकरला जायची, वाटेत वाळत घातलेल्या कुरडयांवरचे कावळे हाकलायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची. मी खाली भाकरी थापत असायचे आणि वरून येणारा तो गलका ऐकत असायचे. तेवढा वेळ माझ्या छातीतली धडधड थांबायची. भोसरीला पाठवायचं नाव मग कुणी काढलं नाही.

चैत्रात शेजारच्या गावची यात्रा असते. पोरांनी नानांच्या मागं भुणभुण लावली. पाळणा, गारेगार, गोडी शेव, बैलगाड्यांची शर्यत. एवढा एकच दिवस. नानांनी खूप विचार केला. मग ट्रॅक्टरची ट्रॉली ठरली. वर लोखंडी जाळी असलेली. सकाळी जायचं आणि ऊन उतरायच्या आत मळ्यात परत.

यात्रा झकास झाली. सई पाळण्यात बसली आणि वरून मला हाका मारत होती. नाना पाळण्यात काही बसले नाहीत, पण खाली उभं राहून पाळणेवाल्याला "येऊ द्या, येऊ द्या, बास!" असं सांगत होते. पाळणेवाल्यानं वैतागून त्यांना एक पिपाणी फुकट दिली.

परतताना कालव्याच्या पुलाशी रस्ता अडला. कांद्याचा ट्रॅक्टर कलंडला होता आणि गोण्या रस्ताभर पसरल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "व्हईल मोकळं, बसा निवांत." नानांनी सूर्याकडं बघितलं. मळा समोर दिसत होता, पण मधे उसातली वाट.

"उतरा," नाना म्हणाले. "हितं बसून अंधार करन्यापरीस चालत निघू. उजेड हाय तवर पोचतो."

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. पुढं मोठ्या बायका, मधे पोरं, सगळ्यांच्या मागं नाना. वाट अर्धी संपली असेल, एवढ्यात सईच्या चपलेचा अंगठा तुटला. ती रांगेतून बाजूला झाली आणि खाली उकिडवी बसून चप्पल बघायला लागली. मी पुढं होते, मला कळलंच नाही. मागून नानांचा आवाज आला.

"कुनी थांबू नगा. डबल घंटी. चला."

मी वळून बघितलं तर सई त्यांच्या खांद्यावर बसलेली. नानांना हर्नियाचं दुखणं. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलेलं. मी म्हणाले, "नाना, अहो उतरवा तिला, चालेल की ती." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. एकदम मोठ्यानं ओरडायला लागले.

"मंचर! मंचरवाले उतरा! पेठ! पेठ कोन हाय? खेड, खेड, खेड!"

पोरांना काय, तेवढंच हवं होतं. तीही ओरडायला लागली. चाकण! मोशी! बायका हसायला लागल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पिपाणी वाजत होती, सई वरून टाळ्या पिटत होती आणि नाना घसा फोडून प्रवाशांना पुढं सरकायला सांगत होते. भोसरी येईपर्यंत मळा आला.

आमच्या ओट्याशी आल्यावर नानांनी सईला खाली ठेवलं आणि ते भिंतीला टेकून बसले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांना तो धरता येईना. हाताची मूठ वळलेली ती उघडतच नव्हती.

"बांधावर व्हता," ते म्हणाले. "बसल्याला. पोरीकडं बघत व्हता."

सईच्या हातातली गोडी शेव घेऊन मी तिला आत नेलं आणि दाराला कडी घातली. मग तिला पोटाशी धरून तिथंच खाली बसले. ती मला विचारत होती, "आई, आपण हसत होतो ना? मग काय झालं?"

त्यानंतर नाना आमच्या गच्चीवर आले नाहीत. मी बोलवायला गेले. म्हणाले, "ट्रॉलीत जाळी व्हती. मी उतरवलं तुमाला." मी म्हणाले, "नाना, तुम्ही होता म्हणून माझी पोरगी घरात आहे." त्यांनी मान हलवली. "न्हाई. मी भेलो. अंधाराला भेलो आन्‌ समद्यांना उसात घातलं. आता माज्याच्यानं न्हाई व्हायचं, सूनबाई." मी किती समजावलं, ह्यांनी समजावलं. पण एवढी वर्षं भीतीच्या भरवशावर जगलेल्या माणसाला आता तिचाच भरवसा वाटेनासा झाला होता. मे महिन्यात त्यांची लेक येऊन त्यांना मंचरला घेऊन गेली.

मागून ऊस तुटला. तोडणीत बिबट्याची पिल्लं सापडली. वनखात्याच्या माणसांनी ती जागच्या जागी ठेवली आणि आईनं येऊन ती नेली. कुठं नेली ते कुणालाच ठाऊक नाही. ती लेकुरवाळी होती हे कळल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. सईकडं बघत ती कशासाठी बसली असेल ते मला पुरतं कळलं.

या वर्षी पाडव्यानंतर मी आणि सई कुरडया घेऊन नानांना भेटायला गेलो. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली हायवे. नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. सईला बघून चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता थाप मारून उठतील. पण बसूनच राहिले. शाळा विचारली, चपला बघितल्या. आणि लगेच म्हणाले, "जानार कवा? तीनची गाडी हाय."

"नाना, आत्ता तर आलोय. जेवून निघतो."

जेवलो, बोललो, वेळ गेला. तीनची गेली. मग नाना काही ऐकेनात. पुढच्या गाडीला आमच्याबरोबरच चढले. लेक ओरडत होती, "आवो दादा, तुमाला सोसंना आन्‌ कुठं निघाला?" तर म्हणाले, "फाट्यापर्यंत. सोडतो आन्‌ परत येतो."

हायवेला ही गर्दी. गाडी मुंगीच्या पायानं चाललेली. आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य टेकला होता. हे मोटारसायकल घेऊन थांबलेच होते.

"निघा," नाना म्हणाले. "उजेड हाय तवर."

"तुमची गाडी येऊ द्या," हे म्हणाले.

"माजी येती. तुमी निघा राव!"

सई गाडीवर बसेना. नानांच्या मागं अगदी रस्त्यापर्यंत ऊस आलेला होता आणि फाट्यावर दुसरं माणूस नव्हतं. आम्ही त्यांना तिथं एकटं सोडून जाणार नव्हतो आणि आमची पाठवणी केल्याशिवाय ते हलणार नव्हते. ते आमच्यावर चिडत होते, आम्ही उसाकडं बघत होतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उजेड चालला होता. शेवटी एसटीचे दिवे दिसले. नाना चढले. मागच्या काचेतून वाकून आमच्याकडं बघत राहिले आणि गाडी वळणाआड गेली.

आम्ही हुश्श केलं. सई गाडी गेली तिकडंच बघत उभी होती, तिची समजूत काढून तिला मोटारसायकलीशी आणेपर्यंत माझा फोन वाजला.

"पोचलात का?"

मी समोर बघितलं. मळ्याची वाट आता दिसत नव्हती. नुसता ऊस वाजत होता. सई काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हो नाना, पोचलो. आत्ताच."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला. "आता दार लावून घ्या."

"लावते," मी म्हणाले. मग सईला मधे घट्ट धरून मी मागं बसले आणि ह्यांनी अंधारात गाडीला किक मारली.