अकोल्याच्या लेकीसाठी प्रार्थना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अकोल्याच्या माझ्या मित्राच्या मुलीची सोयरीक मोडली, ती माझ्या प्रार्थनेमुळे.

मित्र हॉस्टेलपासूनचा. चार वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना तो म्हणाला, "पोरीले फीट येते. गोळ्या चालू हायेत. पोराकडच्याइले मीच सांगनार हावो, येत्या रविवारी, समोर बसून. तोवर तुह्या पोटात ठेव. तू आन् माही बहीण, दोघाइलेच मालूम हाये."

मी मान हलवली. मी कमी बोलणारा, म्हणून तर लोक मला सांगतात.

अमरावतीत आमच्या मंडळीची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. शेवटी पाळक प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली. माझ्याकडे कधी विषय नसतो. त्या बुधवारी होता. नाव घ्यायचं नाही एवढी खबरदारी घेतली आणि डोळे मिटून सुरुवात केली : अकोल्याची एक लेक, लग्न ठरत आलेलं, फीटचा आजार. कुणीतरी "हे प्रभू" म्हणत उसासा टाकला. खरं सांगतो, तो उसासा मला गोड लागला. मग मी तिच्या बापाची तगमगही सांगितली, आवाज जरा ओला करून. सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. चहा देताना घरच्या बाई हसल्या, "भाऊ, तुमी तं आज चांगलेच मोकळे झाले!"

अकोल्यात माझा एकच मित्र, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक. तिथे बसलेल्या एक बाई त्या मुलाच्या मावशी होत्या, हे मला मागाहून कळलं. शनिवारी मुलाकडून मित्राला नकाराचा फोन गेला. आजारापेक्षा लपवाछपवीचा राग होता त्यांना. माझ्या मित्राला फक्त एक दिवस हवा होता.

त्याने आळ घेतला तो बहिणीवर. माझ्यावर नाहीच. "तू तं मुका मानूस," म्हणाला. "आता तुह्याशिवाय कोनालेच काही सांगत नाही मी." आणि खरंच, तेव्हापासून घरातलं सगळं मलाच सांगतो. मी ऐकत बसतो.

बहीण त्याच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. नाताळला भावाकडून तिच्याकडे फराळाचा डबा जायचा, तो बंद झाला. गेल्या नाताळात तिने मला त्याच्या फाटकाशी गाठलं.

"दादा, तुमी तरी समजवा न त्याले. म्या एक अक्षर बोलली नाही. काहून असा करून राहिला तो?"

"बोलतो," म्हणालो.

आत गेलो. मित्राने ताट पुढे सरकवलं. "काय म्हने ते?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि करंजी खाल्ली.

मागच्या महिन्यात उपासनेत पवित्र शास्त्रातल्या जिभेविषयीच्या भागावर बोलायची पाळी माझी होती. जीभ आवरावी, दुसऱ्याचं झाकून ठेवावं, सगळं नीट बोललो. पाळक म्हणाले, तुमचं वागणंच मुळी तसं आहे. लोकांना माझा गप्पपणा शास्त्रवचनाप्रमाणे वाटतो. तो आता निव्वळ भित्रेपणा आहे.

मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. तिची माफी मागायची आहेच. पण आधी तिच्या आत्याचं देणं आहे. माझ्या मित्रासमोर उभं राहून, "ते मी बोललो, हिने नाही," एवढं मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.