माल रवाना

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दिल्लीत नेहरू प्लेसमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होते. नुकतंच लग्न झालं होतं आणि आम्ही द्वारकेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सोसायटीतल्या निम्म्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या, पाणी टँकरने यायचं, आणि मेट्रो येणार येणार असं सगळे नुसतं म्हणत होते. तरी आम्ही दोघं खुशीत होतो. सकाळच्या चार्टर्ड बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी माझा दिवस चांगला जायचा.

त्या वर्षी मला पहिल्यांदा एक काम एकटीच्या जबाबदारीवर मिळालं. फरिदाबादला ट्रॅक्टरचे सुटे भाग पुरवणारी एक कंपनी होती. गोदामातून माल पाठवण्याचं त्यांचं सगळं काम दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका प्रोग्रॅमवर चाले. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि आत शिरायला नुसते आकडे. तीन दाबलं की एक यादी उघडे, त्यात पाच दाबलं की दुसरी. तो लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. मालकांचा मुलगा परदेशात शिकून परतला होता, त्याला हे बघवेना. "सगळं माउसवर चाललं पाहिजे," तो मला म्हणाला. "नव्या माणसालाही बघताक्षणी कळलं पाहिजे, कुठे जायचं ते."

मी तीन महिने खपले. एअरकंडिशन्ड ऑफिसात बसून एकेका विभागाच्या साहेबांना विचारलं आणि एकशेचाळीस स्क्रीन सहा मेनूंमध्ये लावून टाकले. स्वच्छ इंग्रजी शब्द, करड्या रंगाच्या नीटनेटक्या पट्ट्या. आकडे सगळे काढून टाकले. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला होता. गोदामात मात्र मी एकदाही गेले नव्हते.

गोदामात माल रवाना करण्याचं काम एका पन्नाशीच्या गृहस्थांकडे होतं. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. बुलंदशहरकडचे, हमाल म्हणून लागले होते आणि हाताने चाचपून कुठला भाग कुठल्या ट्रॅक्टरचा ते सांगत, म्हणून वर चढत गेले होते. कंप्युटर आला तेव्हा तोही त्यांच्याच टेबलावर ठेवला गेला.

नवा प्रोग्रॅम चालू केला त्या सकाळी मी त्यांच्या मागे उभी होते. फाटकाशी चार ट्रक लागले होते. बडे बाबूंनी माउस हातात धरला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "मॅडमजी, आज चश्मा घर रह गया." मग मीच एकेक नोंद केली. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी उघडलं भलतंच काहीतरी, आणि दुपारपर्यंत ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. बडे बाबूंच्या कपाळावर घाम होता.

मालकांच्या मुलाने मला बाजूला घेतलं. "त्यांचं वय झालंय. एखादा ग्रॅज्युएट आणून बसवू. तुम्ही फक्त एक रिपोर्ट लिहून द्या, की प्रोग्रॅम ठीक आहे."

मी एक आठवडा मागून घेतला. जुना प्रोग्रॅम पुन्हा चालू करून दिला आणि बडे बाबूंच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

आता तेच गृहस्थ ओळखू येईनात. फोन खांद्याशी धरून कुणाशी तरी बोलत, नजर ट्रककडे, आणि बोटं आपली चाललेली. तीन, पाच, दोन. एंटर. ट्रक बाहेर. पडद्याकडे ते बघतही नव्हते. मी मोजलं तर एकशेचाळीसपैकी ते जेमतेम अकरा स्क्रीन वापरत होते. मध्येच एक वेगळा निरोप आला, चौकटीत दोन ओळी. त्यांनी खण अर्धा उघडला, आत एक वही होती, तिच्यात बघून 'वाय' दाबलं आणि खण पटकन लावला. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. वहीत हिंदीत लिहिलं होतं: तीन-पाच-दोन, ट्रक निकला. खाली तो इंग्रजी निरोप चित्र काढावं तसा एकेक अक्षर उतरवलेला, आणि पुढे 'वाय दबाओ'.

बडे बाबूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि मी त्यांचे आकडेच काढून घेतले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी दिल्लीतच वाढले, पण दहावीपर्यंत पहाडगंजातल्या मराठी शाळेत शिकले. नंतर कॉलेजात सगळं इंग्रजी. पहिलं वर्षभर, बाकीची मुलं हसली की मी हसायची. वर्गात वाचायला उभं केलं की घसा बसल्याचं सांगायची. हे मी घरीसुद्धा कधी बोलले नव्हते. ते मी तिथे, हिंदीत, बडे बाबूंना सांगितलं.

"साल भर गला बैठा रहा?" त्यांनी विचारलं.

"पूरा साल."

ते हसले नाहीत. बाहेर हाक मारून दोन चहा सांगितले. चहा आल्यावर खण उघडून वही माझ्यासमोर ठेवली. "देख लो बेटा. गलती हो तो बताना."

पुढचे चार दिवस ते शिकवत होते आणि मी लिहून घेत होते. साहेबांच्या विभागांशी ट्रकचा काही संबंध नव्हता. ट्रक फाटकातून आत येतो, माल चढतो, बिल्टी म्हणजे मालाची पावती बनते, ट्रक बाहेर जातो. मी माझे सहा मेनू मोडले आणि ट्रक जसा पुढे सरकतो त्याच क्रमाने पहिल्या पानावर अकरा बटणं लावली. प्रत्येकावर त्यांचा जुना आकडा. तोच कीबोर्डवर दाबला तरी काम व्हावं असं केलं. खाली हिंदी शब्द. त्या काळी आमच्या प्रोग्रॅममध्ये हिंदी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून मी प्रत्येक शब्दाचं चित्र काढून चिकटवलं. राहिलेले एकशे एकोणतीस स्क्रीन मागच्या एका पानावर गेले.

शब्दांसाठी मी वडिलांचा सरकारी हिंदी कोश आणला होता. त्यातून मोठ्या ऐटीत 'प्रेषण' लिहिलं. बडे बाबूंनी तो शब्द दोनदा वाचला.

"ये क्या है?"

"माल भेजना."

"तो माल रवाना लिखो. प्रेषण तो यहाँ किसी ने आज तक किया नहीं."

आम्ही दोघं इतके हसलो की बाहेरचे हमाल डोकावून गेले.

मालकांच्या मुलाला हिंदी बटणं बघून धक्काच बसला. "हे मागासलेलं दिसतं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं उभे राहून बघा. बडे बाबू खुर्चीत सरसावून बसले. ट्रक आला, माल चढला, आकडे पडले, प्रिंटर करकरला, ट्रक गेला. दुसरा आला. कुठे अडलंच नाही. तिसऱ्या ट्रकनंतर त्याने मला विचारलं, "मग आधी एवढा घोळ का झाला?"

"मी गोदाम न बघता मेनू केले होते," मी सांगितलं. रिपोर्टमध्येही तेवढंच लिहिलं, आणि ते खरंच होतं. माझ्या साहेबांनी त्यावरून मला चार शब्द सुनावले, पण त्या संध्याकाळी बसमध्ये मी अगदी निवांत झोपले.

तो प्रोग्रॅम पुढे बरीच वर्षं चालला. बडे बाबूंच्या हाताखाली एक बी. कॉम. झालेली मुलगी आली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. आठवड्याभरात तीही माउस बाजूला सारून आकडेच दाबू लागली. मी दुसरी नोकरी धरली, गुडगावला, काचेच्या इमारतीत. तिथेही नवं काम आलं की मी पहिल्या दिवशी स्टूल मागायची. लोकांना ते विचित्र वाटे.

बडे बाबू निवृत्त झाले त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका द्वारकेला पोस्टाने आली, पत्ता त्यांच्या हातचा, हिंदीत. आम्ही दोघं सकाळीच त्यांच्या गावी निघालो. शेतात मांडव घातला होता, उसाचा वास येत होता. बडे बाबूंनी गुलाबी फेटा बांधला होता. त्यांनी मला हाताला धरून भावांकडे, मेहुण्यांकडे नेलं. मला वाटलं आता सांगतील, कंप्युटरवाल्या मॅडम. पण ते प्रत्येकाला म्हणाले, "इन्होंने मेरे साथ काम किया है."

मग आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. गरम कचोऱ्या, बटाट्याची रस्साभाजी आणि मटारचा पुलाव. नवऱ्याने चार कचोऱ्या खाल्ल्या. मी पाच.