प्रोग्रामच्या पोटातला १.६

"बटन यानंच दाबलं," राऊतभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले. "मशीनमंदीच लिहून हाये. वाचा तुमीच."

मी वाचलं. अंजनगाव सुर्जीतलं त्यांचं केळी पिकवायचं चेंबर, बाहेरच्या भिंतीवर कंट्रोलरची स्क्रीन, आणि स्क्रीनवर मीच छापायला लावलेली ओळ: नवीन फेरी सुरू. वेळ आदल्या दिवशी दुपारची. आत क्रेटमध्ये पाचव्या दिवसाची केळी होती. साली फाटून सगळी लिबलिबीत झाली होती. वास पार रस्त्यापर्यंत येत होता.

केळी पिकवायची एक फेरी चार-पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी खोली जरा उबदार ठेवून इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने फळ पिकायला लागतं. मग रोज थोडं थोडं गार करत नेतात. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसाची ऊब आणि वायू दिला, तर माल गेलाच. हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम माझा. अकोल्याच्या एका छोट्या कंपनीत मी पंचवीस वर्षं असले प्रोग्राम लिहिते. घर बडनेऱ्याला, त्यामुळे रोजच्या रेल्वेचा पासही तितकाच जुना.

देविदास हा चेंबरचा ऑपरेटर. अकरा वर्षं तिथेच. तो भिंतीला टेकून उभा होता.

"म्या बटनाले हातई नाई लावला," तो म्हणाला. "लाईन गेली, लाईन आली, पंखे सुरू झाले. बस."

"मंग मशीन खोटं बोलून राहिली का?"

"ते मले नाई समजत, भाऊ. मी खोटं नाई बोलून राहिलो."

राऊतभाऊ तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्यासमोरच त्याला सांगितलं, "हो म्हण, मी माफ करतो. चूक कोनाच्यानंई होते. पन खोट्यावर अडून राह्यशीन, तं उद्यापासून येऊ नको."

देविदास हो म्हणेना. नोकरी वाचवायला एक शब्द पुरे होता आणि तो शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता. खरं सांगते, मला त्याचा रागच आला. बाबा रे, म्हणून टाक की, असं वाटलं. कारण मनातून मीही त्यालाच दोषी धरून बसले होते.

त्याला कारण होतं. वीज जाऊन आली की फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हा दोष माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये खरोखर होता. पण तो मी दुरुस्त केला होता. महिन्याभरापूर्वी स्वतः येऊन ३.२ व्हर्शन टाकलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ३.२ दिसतही होतं. म्हणजे फेरी बटन दाबूनच सुरू झाली असणार. हिशेब सरळ होता.

तरी आले आहे तर पाहून घ्यावं, म्हणून कंट्रोलरमधला प्रोग्राम मी लॅपटॉपवर कॉपी केला.

इथे थोडं समजावून सांगते. प्रोग्राम एका फाईलचा नसतो. आमचा चौदा फाईलींचा आहे. प्रत्येक फाईलमध्ये बदल केला की व्हर्शन कंट्रोल नावाची व्यवस्था तिला पुढचा नंबर देते: १.५, १.६, १.७. फाईलमध्ये डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये एक ठरावीक शब्द लिहून ठेवला, तर ही व्यवस्था तिथे आपणहून फाईलचं नाव, नंबर आणि बदल करणाऱ्याचं नाव भरते. पुढे या फाईली मशीनला कळतील अशा रूपात बदलतात, त्याला कंपाईल करणं म्हणतात. मग माणसाला त्यातलं काही वाचता येत नाही. पण ती डॉलरची खूण नीट जागी लिहिली असेल, तर ती कंपाईल झाल्यावरही आत जशीच्या तशी राहते. ती शोधून काढणारी एक छोटी कमांड आहे. नव्या पोरांना ती माहीत नसते. आमच्या ऑफिसात माझ्या या खुणांना सगळे हसतात.

कमांड दिली. चौदा ओळी आल्या. मी बोट ठेवून वाचत गेले. मुख्य फाईल, नवीन. पंख्यांची, बरोबर. वायूची, बरोबर. तापमान आणि फेरीची फाईल: १.६.

दुरुस्ती होती १.८ मध्ये.

मी लॅपटॉपवरची मूळ फाईल उघडली. तिथे १.८ च होतं. पुन्हा कमांड दिली. पुन्हा १.६. बरणीवर नवीन चिठ्ठी आणि आत जुनंच लोणचं. स्क्रीनवरचं ३.२ मुख्य फाईलमधून येत होतं, ती नवीन होती. फेरी सांभाळणारा तुकडा मात्र जुना, दोषासकट. वीज आली तेव्हा त्यानेच फेरी पुन्हा सुरू केली होती. आणि बटन दाबलं काय, आपोआप सुरू झाली काय, दोन्हीसाठी मी ओळ एकच छापायला लावली होती. वेगळी ओळ लिहायचा कंटाळा.

बाहेर जाऊन आमच्या गावंडे साहेबांना फोन लावला. कंपनी त्यांची.

"साहेब, चूक आपली आहे. माझी."

ते म्हणाले, "आत्ता काही बोलू नका त्यायले. तपासून राहिलो म्हना. अकोल्याले या, मंग ठरवू."

"तो माणूस उद्यापासून कामावर नाही साहेब."

"एका दिवसानं काय होते?"

एका दिवसाने काय होतं ते मला आत दिसत होतं. राऊतभाऊ दुसऱ्या कुणाला तरी फोनवर विचारत होते, चेंबर चालवता येते का म्हणून. मी फोन ठेवला आणि आत गेले.

"भाऊ, देविदासने बटन दाबलं नाही. मी जुना तुकडा टाकून गेले होते. हे बघा." लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांना त्यातलं काय कळणार, पण १.६ आणि १.८ हे आकडे कुणालाही वाचता येतात.

राऊतभाऊंनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "मंग इतका वेळ मी याले काहून बोलून राहिलो?"

"माझ्यामुळे."

ते देविदासकडे वळले. म्हणाले, "क्रेट बाहेर काढायले लाग. माणसं बोलाव अजून दोन."

एवढीच त्यांची माफी. देविदासला ती पुरली असावी. मला मात्र तो जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुमी हे पाह्यलं म्हून बरं. नसतं पाह्यलं तं?"



दुसऱ्या दिवशी अकोल्याला कारण सापडलं. ऑफिसात ज्यावर प्रोग्राम बांधतो, त्या जुन्या कॉम्प्युटरचा घड्याळाचा सेल संपलेला. रोज सकाळी तारीख हाताने टाकावी लागे. ती मशीन आधी महिना मागते, मग दिवस. आपल्या हाताला आधी दिवस लिहायची सवय. एप्रिलच्या दहा तारखेला मी उलटं टाकलं आणि मशीन ऑक्टोबरात जाऊन बसली. त्याच दिवशी १.६ कंपाईल झालं. सगळे तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम बांधताना मशीन फक्त तारखा पाहते: फाईल तिच्या कंपाईल झालेल्या तुकड्यापेक्षा नवीन असेल तरच ती पुन्हा कंपाईल करते. ऑक्टोबरच्या तुकड्यापुढे माझी जूनमधली दुरुस्ती तिला जुनीच वाटली. तिने ती सोडून दिली आणि चकार शब्द काढला नाही. ती दुरुस्ती मी तेवढीच, वेगळी काढून तपासली होती. पूर्ण प्रोग्राम बांधून वीज घालवून पाहिलं नव्हतं.

गावंडे साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. सेल त्यांनी स्वतः आणून बसवला. राऊतभाऊंनी पुढे दुसरं चेंबर बांधलं, त्याचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा घेतला. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

पहिल्या चेंबरवर देविदासच आहे. मी नवीन व्हर्शन घेऊन गेले की तो आधी दार अडवून उभा राहतो. "आतलं वाचून दाखवा." मी चौदाच्या चौदा ओळी वाचते, तो आदल्या दिवशी माझ्याकडून फोनवर वहीत लिहून घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहतो. मग मेन स्विच स्वतः खाली ओढतो, बिडी संपेपर्यंत थांबतो, वर करतो आणि स्क्रीनकडे पाहत राहतो. फेरी जिथल्या तिथे सापडली की म्हणतो, "हाव. आता जा तुमी."

पंचवीस वर्षांत माझं काम इतकं नीट कुणी तपासलं नव्हतं. मीसुद्धा.