अज्ञान गौरा

एकोणीसशे सत्तरच्या ज्येष्ठातल्या एका सोमवारी माझी धाकटी बहीण वारली. तिचा नवरा आधीच गेला होता. मागे राहिली नऊ वर्षांची गौरा आणि सांगोल्याकडचं थोडं रान.

मी तेव्हा सोलापूरच्या कोर्टात वकिली करत होतो. पोरक्या मुलांच्या पालकत्वाचे अर्ज मी कितीतरी लिहिले होते. या अर्जात बहिणीच्या नावामागे 'मयत' लिहायची वेळ आली, तेव्हा कागद कारकुनाकडे सरकवला. त्याने तो शब्द लिहिला.

गौरा भवानी पेठेत आत्याजवळ होती. आत्या म्हणजे शिवक्का, गौराच्या वडिलांची थोरली बहीण. विधवा. शेंगाचटणी कुटून विकायची.

"अक्का, कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल," मी म्हणालो.

"कशाला? लेकरू जेवतंय, शाळंला जातंय. कोर्ट काय येऊन येणी घालणार हाय?"

"वेणीचं नाही, रानाचं आहे."

मी समजावलं. मूल नात्यात कोणीही सांभाळावं, कायदा आड येत नाही. पण त्याच्या जमिनीबद्दल बोलायचा अधिकार आत्याला नसतो, मामालाही नसतो. तो कोर्टाच्या ऑर्डरने येतो. इकडे गौराचा चुलता रान कसत होता आणि सांगत होता, रान माझ्याकडं, तर पोरगीबी माझ्याकडंच. त्याच्या वाड्यावर शेळ्या पुष्कळ होत्या. त्या वळायला माणूस नव्हतं.

शेळ्यांचं ऐकल्यावर शिवक्का कोर्टात यायला तयार झाली.

मी मात्र अर्जात दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या, रानही आणि गौराही. माझ्या घरी ती शिकेल, असा माझा हिशेब होता. हे शिवक्काला सांगायचं राहून गेलं होतं.

तारखेला शिपायाने पुकारा केला, "अज्ञान गौरा!"

कोर्टाच्या मराठीत वयात न आलेल्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. आम्हा वकिलांना त्या शब्दाचं काही वाटेनासं झालेलं असतं.

शिवक्का उठून उभी राहिली. "अज्ञान कुणाला म्हंतूस रे? तिसरीत हाय ती. पाढे म्हणून दाखीव गं."

गौराने एकोणतीसचा पाढा सुरू केला. जज्जसाहेबांनी तो पुरा होऊ दिला. मग म्हणाले, "बाई, हा शब्द कायद्याचा आहे. तुमच्या वकिलांनीच लिहिलाय."

"मामा, तुम्ही लिवलं?" गौराने विचारलं. बहिणीचाच आवाज. मी अर्जाची पानं उलटत राहिलो.

मूल समजदार असेल तर त्याचं म्हणणं कोर्टाने ऐकावं, असं कायद्यात आहे. जज्जसाहेबांनी तिला जवळ बोलावलं. "कुठं राहायचंय तुला?"

"आत्याकडं."

"मामांकडं का नाही?"

"त्यांच्याकडं निजायच्या आधी बाजंवरची पुस्तकं काढाया लागत्यात."

कोर्टात हसू पसरलं. मीही हसलो, कारण खोटं काही नव्हतं.

"आणि रान कोणी बघावं?"

"मामांनी."

"त्यांना शेतीतलं कळतं का?"

"कायबी न्हाय. पण मामा कदी काय इकत न्हाईत. फाटकी पुस्तकंबी न्हाईत."

चुलत्याच्या वकिलाने आपली फाईल मिटली. ऑर्डर झाली. रानाचा पालक मामा. मुलगी आहे तिथेच, आत्याजवळ. तिच्यासाठी वेगळा पालक नेमायची गरज कोर्टाला दिसली नाही.

एक गोष्ट मी शिवक्काला बाहेर आल्यावर सांगितली. एरवी अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतं. कोर्टाने पालक नेमला की एकविसाव्या वर्षी.

"म्हंजी तुमी तिला तीन वर्सं जास्ती अज्ञान केलासा," शिवक्का म्हणाली. "लई शिकलासा की वकीलसाहेब."

तीन वर्षं तिने मला हे ऐकवलं असतं तर चाललं असतं. तिने बारा वर्षं ऐकवलं. मधल्या काळात गौराचं लग्न झालं, मुलगा झाला. बारशाला पाळण्याशी उभी राहून शिवक्का बायकांना सांगत होती, "आई अज्ञान हाय बरं का, बेतानं नाव ठिवा."

मी त्या खटल्यातून एवढंच शिकलो, की मूल सांभाळायला ऑर्डर लागत नाही, रान सांभाळायला लागते. दोन्ही एकाच अर्जात मागू नयेत.

गेल्या साली गौराला एकविसावं सरलं. रान तिच्या ताब्यात दिलं. पालक म्हणून माझं काम संपलं. आता मी तिचा मामा आहे.