शेजारी न बसणारी दोन माणसं

डिचोलीच्या एका हायर सेकंडरीत मी गणित शिकवायला लागले, तेव्हा माझी पक्की समजूत होती की गणितामुळे कुणाचं वाईट होत नाही. फार तर मुलं नापास होतात. चाचणी परीक्षेतल्या पाच मार्कांच्या एका प्रश्नानं ही समजूत पार निकालात काढली.

मी पेडण्याची. माझी मैत्रीण मोरजीची, त्याच शाळेत फिजिक्स शिकवायची. आपापल्या वाटेनं आम्ही म्हापसा स्टँडवर यायचो आणि तिथून डिचोलीची बस एकत्र धरायचो. तिला बस लागायची, म्हणून खिडकी कायम तिची. एका बाकावर दोन माणसं दोन प्रकारे बसू शकतात, असं मी वर्गात शिकवायचे; आमच्या बाकावर दोन वर्षं एकच प्रकार चालला. तिच्या डब्यात सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर असायची, माझ्या पिशवीत पोदेराकडचे उंडे पाव. माझी नोकरी कायम झाली होती, तिची नव्हती. दर जूनमध्ये तिची नवी ऑर्डर निघायची आणि ती हातात पडेपर्यंत बाई नखं कुरतडत बसायची.

ते दिवस राजभाषेच्या वादाचे होते. गोव्याचं राज्य होणार म्हणत होते, पण त्या राज्याची भाषा कुठली, मराठी की कोंकणी, यावरून रस्ते अडत होते, माणसं बोलायची थांबत होती. आमच्या भागात मराठीचा जोर. घरात बोलायचो ते कोंकणी की मालवणी हे आमचं आम्हालाच सांगता आलं नसतं. वाचायचो, लिहायचो मात्र मराठी. मी मराठीवाली. ती कोंकणीवाली, पण ते फक्त मला ठाऊक. आमची मॅनेजमेंट कट्टर मराठीची, त्यामुळे शाळेत ती त्यावर चकार शब्द काढत नसे. बसमध्ये मात्र आम्ही एकमेकींची यथेच्छ टर उडवायचो.

अकरावीला मी क्रमचय आणि संचय शिकवत होते. शब्दातली अक्षरं किती तऱ्हांनी मांडता येतील, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. आमचं माध्यम इंग्रजी, म्हणून शब्दही इंग्रजी स्पेलिंगात. पुस्तकातल्या शब्दांची उत्तरं मुलं पाठ करून यायची, म्हणून चाचणी परीक्षेत मी 'मराठी' हा शब्द घातला. बसमध्ये तिनं माझा कच्चा कागद वाचला आणि कोपरानं ढोसलं.

"आमची कोंकणी खंय गेली गो? तीय घाल मगे."

मी मनातल्या मनात अक्षरं मोजली आणि खूशच झाले. दोन्ही शब्दांत सात-सात अक्षरं. 'मराठी'त फक्त 'ए' दोनदा येतो. 'कोंकणी'त 'के' दोनदा आणि 'एन'ही दोनदा. आधी सोपं, मग थोडं अवघड. वा! मी तिथंच कागद मांडीवर घेऊन लिहिलं: अ) मराठी, ब) कोंकणी. ती हसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सात अक्षरं वेगवेगळी असती तर पाच हजार चाळीस रचना झाल्या असत्या. एक अक्षर दोनदा आलं की त्याच्या निम्म्या, आणखी एक दोनदा आलं की त्याच्याही निम्म्या. म्हणजे मराठीच्या दोन हजार पाचशे वीस, कोंकणीच्या एक हजार दोनशे साठ. ही उत्तरं मी स्वतः काढली होती. एकाखाली एक लिहिली होती. तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसमधून उतरलो तर शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं: मराठी २५२०, कोंकणी १२६०. खाली भलं मोठं 'दुप्पट!' मी जागच्या जागी थिजले. माझंच उत्तर, बरोबर उत्तर, आणि वाचताना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. 

मग पालक आले. एक गृहस्थ म्हणाले, कोंकणी निम्मी आहे असं आमच्या पोरांना शिकवता? दुसरे म्हणाले, मराठीच्या पंगतीला कोंकणीला बसवलंच कशाला? तिसऱ्यांचा आक्षेप तर माझ्या स्वप्नातही आला नसता. कोंकणीवाल्यांतही रोमन की देवनागरी, या लिपीवरून भांडण होतं ना! "कोंकणी रोमीत कशी बरयली तुमी? देवनागरी खंय गेली?" मी तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. एकानंही प्रश्न सोडवून बघितला नव्हता.

शनिवारी मॅनेजमेंटनं सगळ्या शिक्षकांची मीटिंग बोलावली. चेअरमन खनिजाच्या ट्रकांचे मालक, आवाज तसाच. मी रात्रभर विचार करून तोडगा काढला होता. फळ्याशी गेले आणि देवनागरीत लिहिलं: म, रा, ठी. तीन अक्षरं, सहा रचना. कों, क, णी. तीन अक्षरं, सहा रचना. सहा आणि सहा! मला वाटलं, आता टाळ्याच पडतील.

"सारकी?" चेअरमन ओरडले. "दोनूय सारकी? टीचर, हें भायर सांगूं नाकात. निम्मी म्हटल्यार एक बाजू खवळटा, सारकी म्हटल्यार दोनूय!"

मी खडू खाली ठेवला. दुप्पट चालत होतं, निम्मं चालत होतं. सारखं कुणालाच नको होतं.

"पण हा शब्द घातलात कशाला?" प्रिन्सिपलनी विचारलं. "कोंकणीला खिजवायलाच ना?"

आणि मी, शहाणी मी, घाईघाईनं म्हणाले, "नाही हो सर! खिजवायला कसा? हिनंच सुचवला. हिचं कोंकणीवर इतकं प्रेम आहे!"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला दिसलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडून तिच्याकडे वळल्या. चेअरमननी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती आजच शाळेत आली आहे. मला ते शब्द परत गिळायचे होते. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "हांवेंच सांगलें."

संध्याकाळच्या बसमध्ये मी आमच्या बाकावर बसले आणि खिडकीची जागा मोकळी ठेवली. ती पुढे जाऊन एका मासळीवालीच्या शेजारी बसली, खिडकीपासून दूर, कडेला.

"अगो, हांगा यो," मी म्हटलं.

"हांगा बरें वारें मेळटा," ती वळून न बघता म्हणाली. अस्नोड्यापर्यंत तिनं रुमाल तोंडाशी घट्ट धरून ठेवला होता. मी उठून तिच्यापाशी गेले नाही. का गेले नाही, ते मला अजून कळत नाही.

जूनमध्ये तिची ऑर्डर निघाली नाही. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही. नंतर ऐकलं, ती दक्षिणेकडे कुठल्याशा शाळेत लागली. गोवा राज्य झालं, भाषेचा कायदाही झाला, कुंपणाच्या भिंतीला चुना लागला. प्रश्नपत्रिकेत मी 'मँगो' हा शब्द घालायला लागले. त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच धडा आला. सात माणसं एका ओळीत बसवायची, पण त्यातली दोन ठरावीक माणसं शेजारी नकोत. मी रीत सांगत होते: शेजारी न बसणारी मोजायची तर आधी त्या दोघांना शेजारी बसवायचं. दोघं मिळून एकच माणूस धरायचं, तशा रचना मोजायच्या आणि एकूणातून वजा करायच्या.

सुर्ल्याची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, तीं दोगां लागीं कित्याक बसनात? झगडलीं?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

"झगडली नाहीत," मी म्हटलं. "त्यातली एक मीटिंगीत नको ते बोलली."

पुस्तकात ते दोघं पुरुष होते. हसू थांबलं. मी पाच हजार चाळीसमधून एक हजार चारशे चाळीस वजा केले आणि खाली उत्तर लिहिलं, तीन हजार सहाशे.