आधी पाय घासून ये

"आधी नळावर जा. पाय नीट घासून ये. साहेबांना हात लावायचाय."

वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, माझ्या हातात साबणाची वडी दिली आणि टाचा घासायचा दगड. सगळ्यांसमोर.

रोह्याच्या कंपनी कॉलनीतला हॉल. उत्तम शुक्रवाराचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, आदला दिवस. पुढं बारा खुर्च्या मांडलेल्या. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे आमचे साहेब चर्चच्या मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुणार होते. साहेब कंपनीत मोठे अधिकारी, मंडळीतही मोठे. अकरा खुर्च्यांवर कॉलनीतली माणसं बसली होती. पाळकसाहेब म्हणाले होते, "एक गरीब पण असू दे." तो गरीब म्हणजे मी. साहेबांच्या घरी राहून त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करणारी.

मी नळावर गेले. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. मिठागरातलं. कळत्या वयापासून खारट पाण्यात उभं राहून मीठ ओढलेलं. टाचांना भेगा अशा की नख आत जाईल. त्या काय साबणानं जायच्या होत्या? तरी घासल्या. रक्त आलं. तरी घासल्या. आपण घाण आहोत असं मला त्या दिवशी खरंच वाटलं. हे मी अजून माफ केलं नाय. त्यांना नाय म्हणत. मला.

मग खुर्चीवर बसले. साहेबांनी तांब्यातून माझ्या पावलांवर चार थेंब पाणी सोडलं, टॉवेल टेकवला न टेकवला, पुढं सरकले. कुणीतरी फोटो काढला. बायका गात होत्या. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, केवढा मोठा माणूस माझ्या पायाशी वाकला! नम्रता म्हणतात ती हीच.

गाणं संपलं. मी भांडी उचलायला पडद्यामागं गेले. साहेब तिथं हात धूत होते. वहिनी बाटलीतलं औषध ओतत होत्या. दवाखान्यात वास येतो ते. साहेब कोपरापर्यंत चोळत होते. मला बघून वहिनी म्हणाल्या, "बादली घे गं ती."

मी बादली घेतली.

घरी आले तेव्हा बाई जाग्या होत्या. बाई म्हणजे साहेबांची आई. आमच्या गावात त्यांना सगळे नर्सबाई म्हणायचे. मी लहान असताना औषधाची पेटी घेऊन बांधाबांधानं चालत मिठागरावर यायच्या. माझ्या आईचे पाय मांडीवर घेऊन मलम लावायच्या. आई लाजून पाय ओढायची, त्या सोडायच्या नायत. आई म्हणायची, "ह्या बाईंचा देव कोण हाय गो? बघाय पायजे." मी बघायला चर्चमध्ये गेले आणि तिथलीच झाले. अर्धांग झाल्यावर मुलानं त्यांना रोह्याला आणलं. बाईंचं करायला माणूस पाहिजे असं कळलं, तेव्हा मी एसटीत बसले. कामवाली म्हणून नाय आले. पण त्या घरात मी कामवालीच होते.

बाईंचं डावं अंग गेलेलं. तोंड वाकडं, शब्द जड. मी त्यांचं हगणंमुतणं काढायची, पाठीच्या जखमा धुवायची. त्या वासाला घरातलं कुणी खोलीत यायचं नाय. मी पाठ पुसत असले की त्या पुटपुटत प्रार्थना करायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, स्वतःसाठी करतात. एकदा कान दिला. माझं नाव घेत होत्या.

त्या दिवशी मी लंगडत चालत होते, ते त्यांनी बघितलं.

"काय झालं?"

मी सांगितलं. हसत सांगितलं. आमच्यासारख्यांना हसत सांगायची सवय असते.

बाई हसल्या नाहीत. पलंगावर हात आपटला. "पाय. इकडं."

"नको बाई. तुमचे हात..."

"ठेव म्हणते ना."

मी पलंगाच्या कडेला बसले, पाय वर घेतला. बाईंनी उजव्या हातानं ओला फडका ओढला. तोच, ज्यानं मी त्यांना पुसायची. एका हातानं पिळता येईना, पाणी गादीवर सांडलं. थरथरत्या बोटांनी त्यांनी माझ्या टाचेवरचं रक्त टिपलं. एक पाय पुसायला किती वेळ लागला! मध्ये दम लागला. थांबल्या. परत लागल्या. नाक गळत होतं, ते पुसायला त्यांना दुसरा हात नव्हता.

"ह्यात लाजायचं काय," म्हणाल्या. "मिठाचे पाय आहेत."

देव तिथं होता. मला कुणी शिकवायला नको. हॉलमध्ये मी डोळे मिटून शोधत होते, तिथं नव्हता. मुताच्या वासाच्या खोलीत होता.

भातं कापायला आली तेव्हा बाई गेल्या. सकाळी पेज भरवत होते, घास तोंडातच राहिला.

त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली. वहिनी दारातून म्हणाल्या, "नीट घाल," आणि गेल्या. मी जखमा धुतल्या. आता त्यांना दुखणार नव्हतं, तरी हळूच धुतल्या. केस विंचरले. पांढरी साडी नेसवली. आई मेली तेव्हा मी मिठागरावर होते, मला तिचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. म्हणून दोघींसाठीचं रडू एकदम आलं.

शवपेटी हॉलमध्ये ठेवली. मी बाईंच्या पायाशी जमिनीवर बसले. वहिनी आल्या, वाकून हळू बोलल्या. "तू मागं बस. पुण्याची माणसं यायचीत. इथं घरचे बसतील."

मी उठले नाय.

"ऐकू येत नाही का?"

पाळकसाहेब जवळ आले. "भगिनी, नम्र व्हा. प्रभूनं हेच शिकवलंय."

मी मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "व्हय. मी ते ह्या बाईंकडनं शिकले. तुमच्याकडनं नाय शिकणार. रातंदिस मी ह्यांना धुतलं. तुमच्यातलं एक माणूस खोलीत आलं नाय. मी हितंच बसणार."

साहेब पेटीवरची फुलं सरळ करत होते. मान वर केली नाय.

मी बसून राहिले. मातीपर्यंत गेले. मूठभर माती मीही टाकली. परतले तेव्हा माझे कपडे गोणीत भरून जिन्यात ठेवले होते.

त्या रविवारपासून मी त्या मंडळीत गेले नाय. पेणला परत आले. तिथंच जवळ, गडब गावात एक म्हातारे शेतकरी अंथरुणाला खिळले होते, त्यांचं करायला लागले. सुनेनं दारातच विचारलं, "तुम्ही कंच्या जातीच्या गो?" मी म्हटलं, "आधी म्हाताऱ्याच्या जखमा दाखव." तिनं दाखवल्या.

वर्षभरानं पाळकसाहेब मला शोधत गडबला आले. मी म्हाताऱ्यांची पाठ धूत होते. ते उंबऱ्यात नाकाला रुमाल लावून उभे राहिले. म्हणाले, "वहिनींची माफी मागा. मंडळी तुम्हाला परत घेईल."

मी हात थांबवला नाय.

"त्यांना सांगा," म्हटलं, "माफी मागणार नाय. मी वाकते ती दुखणाऱ्यापुढं वाकते. माझ्या मनानं वाकते. मला वाकवायला आलेल्यापुढं ह्या जन्मात वाकणार नाय. आणि तुम्ही आत येणार असाल तर या. म्हाताऱ्याला कुशीवर वळवायचंय, मला एकटीला जमत नाय."

ते आत आले नाहीत.

मी एकटीनं वळवलं.